बाब-अल-मांदेबचा उन्हाळा दोन थरांत मावत नाही

बाब-अल-मांदेब म्हणजे तांबडा समुद्र आणि एडनचं आखात जोडणारी सामुद्रधुनी; तिच्या प्रवाहांवर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. माझं जवळजवळ एक वर्ष या सामुद्रधुनीत गेलं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

हिवाळ्याचं चित्र तुम्हाला पाठ असेलच. तांबड्या समुद्रातून वर्षाला सुमारे २ मीटर पाण्याची वाफ होते, एडनच्या आखातातलं हलकं पाणी वरून आत येतं आणि ४० च्या आसपास क्षारतेचं (किलोमागे सुमारे ४० ग्रॅम मीठ) जड पाणी तळाने बाहेर पडतं.

त्यावरून मी थरांची सीमा एका खोलीवर ठरवली आणि तीच बाराही महिने लावली. इथेच फसले. जून ते सप्टेंबरमध्ये तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात वारा उलटतो, वरचं पाणी एडनकडे निघतं. मान्सूनमुळे आखातात थंड पाणी वर आलेलं असतं, ते मधल्या खोलीतून आत घुसतं. तळाचा खारा प्रवाह हिवाळ्यातल्या ०.६ स्वेर्द्रुपवरून (एक स्वेर्द्रुप म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी) ऑगस्टमध्ये ०.०५ पर्यंत उतरतो. म्हणजे थर तीन. माझ्या ‘वरच्या थरा’त बाहेर जाणारं आणि आत येणारं, दोन्ही पाणी एकत्र आलं, बेरजेत एकमेकांना खाऊन बसलं आणि उत्तर आलं जवळपास शून्य. ‘उन्हाळ्यात हालचाल मंद’ असं मी लिहूनही टाकलं! तेव्हा तिथे दोन प्रवाह एकावर एक, उलट दिशांनी वाहत होते.

म्हणून सीमा आधी ठरवू नका. मोजमापांतून भरती-ओहोटीचा भाग गाळा, मग प्रत्येक प्रोफाइलमध्ये (खोलीनुसार वेगाचा आलेख) वेग शून्य कुठे होतो ते शोधा, शेजारी क्षारता ठेवा. वार्षिक सरासरी सगळ्यात शेवटी. जागाही तपासा: पेरिम बेटाजवळची अरुंद वाट आणि हानिश बेटांजवळचा १३७ मीटर खोलीवरचा उंबरा (समुद्रतळाचा उंचवटा) यांत सुमारे १५० किलोमीटर अंतर आहे, एकीकडची प्रोफाइल दुसरीकडे चालत नाही.

सीनियरची तयार स्क्रिप्ट घेऊ नका, हे माझं ठाम मत. त्यांची सीमारेषा आत कुठेतरी लपलेली असते. आणि आलेख न बघता ‘आकडा किती आला?’ एवढंच विचारणारा मार्गदर्शक असेल, तर आलेख तुम्हीच त्यांच्यासमोर नेऊन ठेवा.

चूक झालीच असेल तर घाबरू नका, खरंच. मोजमापं शाबूत असतात. मला पुन्हा गणित करायला तीन आठवडे लागले, आणि जुलैच्या पहिल्याच आलेखात रेषेने शून्य दोनदा ओलांडलेलं दिसलं.