मापाच्या वहीत लिहा, गोधडीत शिवा

मी मिरजेत ब्लाउज शिवते. 2017 ला डाव्या स्तनातली गाठ काढली, काखेतल्या गाठीही गेल्या. सहा वर्षांनी कंबर धरली. डॉक्टरांना दाखवलं तर, "मावशी, दिवसभर मशीनवर बसता, दुखणारच." गोळ्या खाऊन तीन आठवडे काढले. मग मापाची वही घेतली. किती वाजता जाग आली, कूस वळता येते का, गोळीने किती तास बरं वाटलं, सगळं तारखेसकट. ते पान टेबलावर ठेवलं नि म्हटलं, "मला आधी कॅन्सर झालाय. स्कॅन नको असेल तर का नको, ते इथे लिहून द्या." स्कॅन झाला. तोच कॅन्सर मणक्यात निघाला.

तुमच्यावर ही वेळ आली तर पहिलं विचारा, बायोप्सी पुन्हा करणार का? परतलेल्या आजारात ईआर, पीआर, हर-टू (गाठीच्या पेशींवरच्या तपासण्या, कॅन्सर कुठल्या प्रकारचा ते सांगणाऱ्या) बदललेले असू शकतात आणि औषध त्यावरच ठरतं. दुसरा सल्ला घ्यायचा तर नुसती फाईल पुरत नाही. लॅबमधून जुने ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) नि स्लाइड (त्यांचे काचेवरचे काप) मागून घ्या. (माझे ब्लॉक हुकांच्या डबीतून मुंबईला गेले.) कागदपत्रांना टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज करा, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात 72 तासांची मुदत आहे. हाडं बळकट ठेवायचं इंजेक्शन सुरू होण्याआधी दात दाखवून घ्या, नंतर दात काढावा लागला तर जबड्याला त्रास होऊ शकतो. आणि आत सोबत लिहून घेणारं माणूस न्या, रडणारं नको. आमच्या ह्यांना मी बाहेरच बसवते, भाची आत येते.

काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात सुजू शकतो. म्हणून महिन्याला दोन्ही दंडांना टेप लावा, कोपरापासून 10 सेंटीमीटर वर. दोन हातांत 2 सेंटीमीटरचा फरक दिसला तर सूज समजून दाखवा.

आता गोधडी, गोळ्यांचा हिशेब ठेवायची. माझी पाल्बोसिक्लिबची (कॅन्सरची वाढ रोखणारी) 125 मिलिग्रॅमची गोळी 21 दिवस, मग 7 दिवस सुट्टी. म्हणून ओळ 28 चौकोनांची. गोळी घेतली की ब्लाउजच्या कातरणाचं एक ठिगळ. सुट्टीचे सात चौकोन कोऱ्या मांजरपाटाचे. गुलाबी कापड मी मुद्दाम घेत नाही, स्तनाच्या कॅन्सरच्या त्या गुलाबी रिबिनींचा कंटाळा आलाय. साधा धावदोरा घाला, पंधरा मिनिटांच्या वर बसू नका. गोधडीत सुई टोचते ती खालच्या हाताला, आणि माझा तोच डावा, सुजणारा. टोचलेलं पिकलं तर महागात पडतं, म्हणून त्या हातालाही अंगुस्ताण घालते.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या की गोळी थांबवतात. त्या दिवसांची ठिगळं मी उलटी लावते. चौथी ओळ पिशवीत घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी वाकून उलटी ठिगळं मोजली. नऊ. मी विचारलं, "डोस उतरवायचा का?"

पाचवी ओळ 125 ची नाही, 100 ची आहे.