पावसाळ्यात घरच्या डेस्कटॉपवर नवा जीसीसी बिल्ड करताना

जीसीसी हा लिनक्सवरचा सी आणि सी++ चा कंपाइलर. डेबियन १२ बरोबर त्याची १२.२ आवृत्ती येते, उबुंटू २२.०४ बरोबर ११. सी++२३ मधलं ‘प्रिंट’ हेडर या दोन्हींत नाही, ते १४ पासून आलं. ते हवं आहे पण सगळी सिस्टीम बदलायची नाही, तर १४.२ सोर्सपासून बिल्ड करायचा आणि जुन्याच्या शेजारी ठेवायचा. शेजारीच, जुन्याच्या जागी नाही. पॅकेज बसवणारा एप्ट हाही सी++ मध्ये लिहिलेला प्रोग्राम आहे. /यूएसआर मध्ये नवा कंपाइलर ओतताना लिबस्टडीसी++ (सी++ ची लायब्ररी) बिघडली, तर दुरुस्ती ज्याने करायची तो एप्टच उघडत नाही.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा, चिन्हं जशीच्या तशी ठेवा.

चार कोअरच्या मशीनवर हे काम तास-दीड तासाचं आहे, दोन कोअरच्या जुन्या मशीनवर तीन-चार तासांचं. एकदा मिरग लागला की रत्नागिरीपासून मालवणपर्यंत एवढा वेळ सलग लाइट राहील असा भरवसा नसतो, म्हणून आधी इन्व्हर्टर बघा. डेस्कटॉपचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का हे मेन बंद करूनच तपासा, कारण बऱ्याच घरांत फक्त पंखे आणि ट्यूब त्यावर घेतलेले असतात. इन्व्हर्टरला यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असेल तर ते यूपीएसवर हवं. नॉर्मलवर लाइट गेल्यापासून बॅटरी घेईपर्यंत जो क्षण जातो तो पंख्याला कळत नाही, पण एसएमपीएसमधला (डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमधला) साठा जेमतेम १५-२० मिलिसेकंद पुरतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. वापरातल्या बॅटरीकडून हजार-बाराशे धरा. मॉनिटरसह डेस्कटॉप १५० वॉट आणि दोन पंखे १५० वॉट, म्हणजे सव्वातीन ते चार तास. विजा कडाडत असतील तर मात्र सरळ प्लग काढा, राउटरची वायरही काढा. बिल्ड पुन्हा सुरू करता येतं, मदरबोर्ड नाही.

आता सामान. सुडो एप्ट इन्स्टॉल करून बिल्ड-इसेन्शियल, डब्ल्यूगेट, एक्सझेड-यूटिल्स आणि बीझिप२ घ्या. बीझिप२ लोक विसरतात, आणि मग पुढची स्क्रिप्ट टारच्या विचित्र एररने मधेच थांबते. जीसीसीचं सोर्स जीएनयूच्या एफटीपी साइटवर किंवा तिच्या मिररवर मिळतं. जीसीसी-१४.२.०.टार.एक्सझेड ही फाइल सुमारे ९० एमबीची आहे. मोबाइलच्या नेटवर उतरवत असाल तर डब्ल्यूगेट -सी वापरा, म्हणजे रेंज गेली तरी आधी उतरलेला भाग वाया जात नाही. नंतर शा५१२सम चालवून आकडा जीसीसीच्या स्वतःच्या साइटवरच्या यादीशी ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल कधीकधी उघडते, आणि रडगाणं तासाभराने सुरू होतं.

डिस्कवर १५ जीबी मोकळी ठेवा. जागा ईएक्सटी४ वर, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या पार्टिशनवर, घ्या. विंडोजबरोबर वाटून घेतलेल्या एनटीएफएस ड्राइव्हवर परवानग्यांचा घोळ होतो. फोल्डरच्या नावात स्पेस नको, नाहीतर कॉन्फिगर (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) ‘अनसेफ’ म्हणून पहिल्याच मिनिटाला नकार देतो.

फाइल उघडून सोर्सच्या फोल्डरमध्ये जा आणि हे चालवा:

./कॉन्ट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स

ही स्क्रिप्ट जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी आणि आयएसएल आणून योग्य जागी ठेवते, आणि ती जीसीसीबरोबरच बिल्ड होतात. या लायब्ररी वेगळ्या बसवायला जाऊ नका. आवृत्त्या जुळवण्यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

बिल्ड सोर्सच्या फोल्डरमध्ये करायचं नाही. शेजारी ‘बिल्ड’ नावाचा रिकामा फोल्डर करा, त्यात जा आणि तिथून:

../जीसीसी-१४.२.०/कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/जीसीसी-१४ --एनेबल-लँग्वेजेस=सी,सी++ --डिसेबल-मल्टिलिब --प्रोग्राम-सफिक्स=-१४

मल्टिलिब बंद केलं नाही तर जीसीसी ३२-बिट लायब्ररीही बनवायला जातो. त्यासाठी लागणारी ३२-बिट ग्लिबसी (सी ची मूळ लायब्ररी) घरच्या मशीनवर सहसा नसते, आणि काम अडतं. सफिक्समुळे नवा कंपाइलर ‘जी++-१४’ या नावाने येईल आणि जुन्याशी गल्लत होणार नाही. कॉन्फिगरने लायब्ररी_पाथमध्ये (हे नाव मात्र सगळं कॅपिटलमध्ये) चालू फोल्डर असल्याची तक्रार केली, तर त्या व्हेरिएबलच्या शेवटी एखादा उनाड कोलन राहिलेला असतो. अनसेट करून पुन्हा चालवा.

मेकला (बिल्ड चालवणाऱ्या कमांडला) किती कामं एकाच वेळी द्यायची हे कोअर मोजून नाही, रॅम बघून ठरवा. एका कामामागे सव्वा-दीड जीबी धरा. ८ जीबीला -जे४ चालतं, ४ जीबीला -जे२. जास्त दिलीत तर कर्नल मधेच एखादा सीसी१प्लस (कंपाइलरचाच चालू प्रोग्राम) मारून टाकतो आणि पडद्यावर नुसतं ‘किल्ड’ दिसतं. तो जीसीसीचा दोष नाही. आकडा कमी करा किंवा ४ जीबीची स्वॅप फाइल जोडा.

मेक -जे२ २>&१ | टी बिल्ड.लॉग

हे साध्या युजरने चालवा, सुडो नको. मशीनचं आपोआप झोपणं सेटिंगमधून बंद करा. काम थांबलं तर लॉगच्या शेवटच्या ओळीला फसू नका. समांतर कामांत खरी चूक पन्नास-शंभर ओळी वर असते. ‘एरर’ शब्द खालून वर शोधत जा.

एकच कंपाइलर तीनदा बनताना दिसेल. पहिल्या फेरीत जुना कंपाइलर नव्याला बनवतो, दुसऱ्या फेरीत तो नवा स्वतःला बनवतो, तिसऱ्या फेरीत दुसऱ्या फेरीतला पुन्हा स्वतःला. शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या फाइल ताडून बघितल्या जातात. नव्या कंपाइलरची याहून चांगली परीक्षा घरबसल्या मिळत नाही, म्हणून हा वेळ द्यावाच. लाइटचं फारच अवघड असेल तर कॉन्फिगरला --डिसेबल-बूटस्ट्रॅप द्या. एकच फेरी होते, वेळ साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि डिस्ट्रोचा जुना कंपाइलर धड असेल तर निकालही वापरण्याजोगा असतो. ताडणी मात्र होत नाही.

बिल्ड चालू असताना लाइट गेली आणि मशीन बंद पडलं, तर ‘मेक’ पुन्हा दिल्यावर ते जिथे थांबलं तिथून पुढे जातं. अडचण अर्धवट लिहिल्या गेलेल्या फाइलींची. त्या क्षणी लिहिली जात असलेली .ओ फाइल (कंपाइल झालेला एक तुकडा) शून्य बाइटची राहते, मेकला ती ताजी वाटते, आणि पुढे हे तुकडे जोडणारा लिंकर ‘फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइझ्ड’ म्हणतो. म्हणून बिल्ड फोल्डरमध्ये आधी हे:

फाइंड . -नेम '*.ओ' -साइझ ० -डिलीट

मग मेक. थांबलं ते लिबस्टडीसी++ च्या टप्प्यात असेल तर बिल्डमधल्या एक्स८६_६४ नावाच्या फोल्डरातला लिबस्टडीसी++-व्ही३ पूर्ण उडवा, मेक तो नव्याने उभा करतं. अशा तुटक बिल्डच्या शेवटी ‘बूटस्ट्रॅप कम्पॅरिझन फेल्युअर’ आला तर पळवाट शोधू नका. बिल्ड फोल्डर पुसून पहिल्यापासून करा.

लाइट गेल्यावरचा आणखी एक त्रास पटकन लक्षात येत नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर मशीन उठतं तेव्हा घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं. राउटर अजून बंद, म्हणून वेळ नेटवरूनही दुरुस्त होत नाही. मेकचा सगळा हिशोब फाइलींच्या वेळेवर चालतो. ते ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असं बजावतं आणि काय नव्याने करायचं, काय नाही, याचा घोळ घालतं. आधी ‘डेट’ चालवून तारीख बघा, मगच मेक द्या. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

आणि कधी कंपाइलर ‘इंटर्नल कंपाइलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून कोसळतो. पुन्हा मेक दिलं की त्याच फाइलवरून सुखरूप पुढे जातो आणि भलत्याच फाइलवर पडतो. जीसीसी अशा वेळी स्वतःच सांगतो की बग पुन्हा घडवता येत नाही, म्हणजे हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न असावा. त्यावर विश्वास ठेवा. एकाच ओळीवर दर वेळी पडणं ही सोर्सची किंवा जुन्या कंपाइलरची खोड, जागा बदलत पडणं ही रॅमची किंवा उष्णतेची. समुद्राकाठी दुसरी शक्यता आधी तपासायची. खारी दमट हवा रॅमच्या सोनेरी पट्टीवर आणि स्लॉटमध्ये मळ धरते. हीटसिंकच्या पात्यांत धूळ ओलाव्याने घट्ट बसते आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही. प्लग काढून रॅम बाहेर घ्या, पट्टी पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी पुसा, रबराचा भुगा झटका आणि दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत बसवा. हीटसिंकला कोरडा रंगाचा ब्रश. मग मेमटेस्ट८६+ ची एक पूर्ण फेरी रात्री लावून द्या. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती कांडी बदलायची. बिल्ड चालू असताना सेन्सर्स कमांडने तापमान बघत राहा. सतत ९० अंशांच्या वर असेल तर थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते.

मेक निर्विघ्न संपलं की:

सुडो मेक इन्स्टॉल-स्ट्रिप

स्ट्रिपमुळे डीबगची माहिती गळते आणि बरीच जागा वाचते. आता /ऑप्ट/जीसीसी-१४/बिन पाथमध्ये जोडा आणि जी++-१४ --व्हर्जन बघा. चाचणीला दोन प्रोग्राम घ्या. पहिल्यात प्रिंट हेडर आणि एसटीडी::प्रिंटएलएन ने छापलेली ‘हापूस {} पेट्या’ अशी ओळ, -एसटीडी=सी++२३ देऊन. दुसऱ्यात साधं सीआउट. दुसरा बहुधा कंपाइल होईल पण चालणार नाही. जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२ सापडत नाही, असं म्हणेल. प्रोग्राम नव्या लायब्ररीच्या भरवशावर बनला, पण चालताना त्याला सिस्टीमची जुनी मिळाली, आणि डेबियन १२ ची लायब्ररी ३.४.३० वर थांबते. उपाय लिंक करतानाच:

-डब्ल्यूएल,-आरपाथ,/ऑप्ट/जीसीसी-१४/लिब६४

यात डब्ल्यू कॅपिटल. मग एलडीडी चालवून लिबस्टडीसी++ समोर /ऑप्टचा रस्ता दिसतो का बघा. प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवर द्यायचा असेल तर -स्टॅटिक-लिबस्टडीसी++ बरं. एलडी_लायब्ररी_पाथ कायमचा बॅशआरसीत (टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलीत) टाकायचा मोह टाळा, तो सिस्टीमच्या इतर प्रोग्रामांनाही नवी लायब्ररी गळ्यात बांधतो.

दोन्ही प्रोग्राम चालेपर्यंत बिल्ड फोल्डर ठेवा, मग पुसा, कित्येक जीबी परत मिळतात. जीसीसी-१४ नको झाला तर /ऑप्टमधला तेवढा एक फोल्डर काढायचा, आणि १५ आणायचा तर त्याच्या शेजारी.