जुन्या वस्तऱ्याची कंपनी आणि गाव ओळखताना या चुका टाळा

भुसावळच्या भंगारात, जळगाव-धुळ्याकडच्या आठवडे बाजारात नाहीतर घरातल्याच जुन्या धोकटीत अजूनही अस्सल पोलादी वस्तरे सापडतात, ब्लेड बदलायचे नाही, दगडावर आणि चामड्यावर लावायचे ते. मग फोटो येतो, भाऊ हा कुठला आणि किती जुना? आणि फोटोत दिसतं की विचारायच्या आधीच अर्धा पुरावा घासून टाकलाय.

म्हणून सगळ्यात आधी हे, वस्तरा हातात आला की लगेच चकचकीत करायला घेऊ नका. पॉलिश पेपर नको, रेती नको, चिंच-लिंबू नको, आणि वर्कशॉपमधलं बफिंग तर अजिबात नको. पात्याची जी धार नसलेली मान असते ना, मुठीच्या खिळ्याकडे जाणारी, तिच्यावर नाव ठोकलेलं असतं, ते जरा खोल असतं. पण पात्याच्या अंगावर ॲसिडनं उमटवलेली अक्षरं किंवा सोनेरी मुलामा असतो तो इतका वरवरचा की एकदा पेपर फिरला की कायमचा गेला. शिलाई मशीनचं तेल लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी मऊ कापडानं पुसा, बस. मग मानेवर खडूची पूड बोटानं चोळा, वरची हलकेच पुसा, आणि अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च आडवा धरून दोन्ही बाजू बघा. पारोळ्याच्या एका काकांचा वस्तरा घरात सगळे कोरा म्हणायचे. खडू भरल्यावर एका बाजूला हातात हात घालून उभी असलेली दोन माणसं दिसली आणि दुसऱ्या बाजूला सोलिंगेन. नाव पार झिजलेलं, पण ती जुळी माणसं म्हणजे हेंकेल्स या जर्मन कंपनीची खूण, 1731 पासूनची, काम झालं.

दुसरी चूक म्हणजे गावालाच कंपनी समजणं. सोलिंगेन कंपनीचा, शेफील्ड कंपनीचा असं सर्रास म्हणतात. सोलिंगेन जर्मनीतलं शहर आहे, शेफील्ड इंग्लंडमधलं, आणि तिथं वस्तरे बनवणारे ढिगानं होते. तसंच वॉरंटेड, कास्ट स्टील, सिल्व्हर स्टील, हॉलो ग्राउंड ही कोणाची नावं नाहीत, मालाचं वर्णन नाहीतर तारीफ आहे ती. चांदणी आणि माल्टीज क्रॉस (टोकांकडे रुंद होत जाणारा क्रॉस) शेजारी शेजारी असतील तर जोसेफ रॉजर्स, आय एक्स एल अशी अक्षरं असतील तर वोस्टनहोम, दोघं शेफील्डचे. बेंगॉल वाचून लोक बंगालचा म्हणतात, तोही शेफील्डचाच, कॅडमन यांचा. आणि कधी कधी मानेवर बनवणाऱ्याचं नावच नसतं, विकणाऱ्या दुकानदाराचं असतं, कारण व्यापारी स्वतःचं नाव ठोकून माल बनवून घ्यायचे. तेव्हा सापडलेल्या पहिल्याच नावावर थांबू नका.

आता मुकुटाचं बघू, इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मुकुट आणि बाजूला जी-आर (जॉर्ज रेक्स, म्हणजे इंग्लंडचा राजा जॉर्ज) अक्षरं दिसली की लगेच 200 वर्षं जुना म्हणून किंमत सांगतात. पण जॉर्ज काय एकच राजा होता का? 1830 पर्यंत जॉर्ज होते, मग 1837 पर्यंत विल्यम, मग 1901 पर्यंत व्हिक्टोरिया म्हणजे व्ही-आर, मग एडवर्ड, आणि 1910 ला परत जॉर्ज आले ते, 1936 मधले काही महिने सोडले तर, 1952 पर्यंत. मग पोलादाकडे बघायचं. पाठ जाड, पातं पाचरीसारखं भरीव, मागची शेपटी (खिळ्याच्या पलीकडे निघालेलं टोक) आखूड, असं असेल तर आधीच्या जॉर्जचा विचार करा. पातं दोन्ही बाजूंनी खोल पोखरून पातळ केलेलं, शेपटी लांब वळलेली आणि वर इंग्लंड असं लिहिलेलं, तर तो बहुतेक नंतरच्या जॉर्जचा. त्यातही मुकुट बऱ्याच कारागिरांनी वापरला, राजघराण्याला माल पुरवत असो नसो.

देशाच्या नावाचंही तसंच. अमेरिकेत 1891 पासून बाहेरच्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, म्हणून लोक सांगतात की नाव नाही म्हणजे त्याआधीचा. अहो पण तो कायदा अमेरिकेत जाणाऱ्या मालाला होता, आपल्याकडचा माल मुंबई बंदरात उतरायचा. देशाचं नाव असेल तर तो बहुधा 1890 च्या आसपासचा किंवा नंतरचा एवढं धरा, नसेल तर त्यावरून काहीच ठरवू नका. वेस्ट जर्मनी मात्र सोपं, 1949 ते 1990.

पात्यावरचा आकडा साल समजू नका, तो बहुतेक वेळा मॉडेल नंबर असतो. स्वीडनच्या हेल्येस्ट्रांड कंपनीच्या वस्तऱ्यांवर एमके आणि पुढे आकडा असतो तोही मॉडेलच.

मूठ आणि डबी यांच्यावर तर सगळ्यात कमी विश्वास ठेवा. वस्तरा रोजच्या कामाचा होता, मूठ फुटली की दुसरी बसवली, डबी ज्याची सापडली त्याची. खिळ्याचे वायसर दोन्ही बाजूंना वेगळे दिसले, किंवा पातं बंद केल्यावर मधोमध बसत नसेल, तर मूठ बदललेली असू शकते. आणि मूठ हस्तिदंत आहे का प्लास्टिक हे बघायला तापलेली सुई लावायचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका. जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड भसकन पेटतं. जोरात घासून वास घ्या, कापरासारखा आला तर सेल्युलॉइड. अशी मूठ खराब व्हायला लागली की तिच्यातून निघणाऱ्या वाफेनं पातं गंजतं, मूठ जिथं पात्याला झाकते नेमकं तिथंच, म्हणून असा वस्तरा बंद डबीत बाकीच्यांबरोबर ठेवू नका आणि पात्याला तेलाचा हात असू द्या, विशेषतः पावसाळ्यात.