हर्णैच्या शिमग्याला निघण्याआधी

आधी तिथी बघा, रजेचा अर्ज नंतर. होळी फाल्गुन पौर्णिमेची हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ग्रामदेवतेची पालखी आपल्या वाडीत कोणत्या दिवशी येणार ते गावातच ठरतं. म्हणून गावी फोन करून विचारा. एका वर्षी आम्ही कॅलेंडरवरची सुट्टी धरून दोन दिवसांसाठी आलो आणि परत गेलो. पालखी दारात आली तेव्हा घराला कुलूप होतं. ती रुखरुख अजून जात नाही.

रेल्वेने येणार असाल तर तिकीट खेडपर्यंतचं काढा. तिथून दापोली आणि मग हर्णैची एसटी.

घरी पोहोचलात की पहिलं काम अंगणाचं. सारवून, रांगोळी घालून ठेवा. ओटीसाठी खण, तांदूळ, हळदकुंकू आणि नारळ लागतील. नारळ दोन जास्तच असू द्या. पोस्त, म्हणजे शिमग्याची खुशाली, मागायला पोरं येतात, त्यांच्यासाठी सुटे पैसे वेगळे काढा. पालखीपुढे गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडे मागणं, घालतात तेव्हा लहानमोठ्या सगळ्यांनी अंगणात उभं राहायचं, हे मुंबईच्या मुलांना आधीच सांगून ठेवा. त्या वेळी मोबाईल खिशात.

मुलांना हर्णैसमोरच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला दाखवायचाच. पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारच्या सुमारास येते, तेव्हा निघायची वेळ होडीवाल्याला विचारूनच ठरवा. पिण्याचं पाणी आणि टोप्या बरोबर घ्या, पायात भिजली तरी चालेल अशी चप्पल. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय आणि आत मारुती, दोन्ही मुलांना शोधू द्या. मग तिथेच सावलीत बसून सांगा, की कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा आधार होता आणि 1755 साली तो त्यांचा मुलगा तुळाजी याच्या हातून गेला. समुद्रातून इंग्रजांचा आरमारी अधिकारी विल्यम जेम्स याने तोफा डागल्या आणि त्याच्या बाजूला पेशवे होते. हा भाग गाळू नका, मोठ्या मुलांना तो कळतो. त्या जेम्सच्या विधवेने 1784 साली लंडनजवळ त्याच्या आठवणीसाठी मनोरा बांधला, त्यालाही आपल्याच किल्ल्याचं नाव दिलं, इंग्रजी उच्चारात. 2025 मध्ये सुवर्णदुर्ग जागतिक वारसा यादीत आलाय, म्हणून तटावर नाव कोरणाऱ्या हाताला तिथल्या तिथे अडवा.

मासळीची आशा थोडी बेताने धरा. सणाला होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, वाळूवरचा लिलाव मंदावतो. घरात सुका जवळा असू द्या. लिलाव चालू असलाच तर रोख पैसे, जाड पिशवी आणि बर्फाचा डबा न्या आणि टोपल्या वाहणाऱ्यांची वाट मोकळी सोडून उभे राहा.

आणि पालखीआधीच परतावं लागलं, तर घराची किल्ली आणि ओटीचं ताट शेजारच्या काकूंकडे देऊन निघा.