प्रमाणपत्र भिंतीवर, प्रशिक्षण वाऱ्यावर: हॉटेलचालकांनो, या चुका टाळा

अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी तपासणीला आले की बहुतेक हॉटेलांत मालकाचे बोट आधी गल्ल्यामागच्या भिंतीकडे जाते. तिथे गणपतीच्या तसबिरीशेजारी परवाना लावलेला असतो आणि त्याच्याखाली फोस्टॅकचे, म्हणजे अन्न सुरक्षेच्या प्रशिक्षणाचे, प्रमाणपत्र. मी हॉटेलांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “यावर ज्यांचे नाव आहे, ते कुठे आहेत?” एका ठिकाणी मालकांनी अगदी शांतपणे सांगितले, “ते दिवाळीला गावी गेले, ते परत आलेच नाहीत.” मी विचारले तेव्हा आषाढ लागला होता.

हीच या विषयातील सर्वांत मोठी चूक आहे. एफएसएसएआयने (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने) २०१७ मध्ये सुरू केलेल्या फोस्टॅक योजनेनुसार, केंद्रीय किंवा राज्य परवाना असलेल्या प्रत्येक व्यावसायिकाकडे अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे किमान एक प्रशिक्षित अन्न सुरक्षा पर्यवेक्षक असावा लागतो. हे प्रमाणपत्र त्या व्यक्तीचे असते, हॉटेलचे नव्हे. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर तेही गेले, मग भिंतीवरची चौकट कितीही चकचकीत असो. त्याची मुदतही दोन वर्षांचीच असते, हे परवान्याच्या नूतनीकरणाच्या धावपळीत विसरले जाते. हॉटेलात माणसे टिकत नाहीत हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे एकावर भिस्त न ठेवता दोघा-तिघांना प्रशिक्षण द्यावे, आणि त्यातला निदान एक जण भटारखान्यातला असावा. पुष्कळदा मालक स्वतःच्या किंवा कॅप्टनच्या, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाच्या, नावावर प्रमाणपत्र काढून मोकळे होतात. पण कॅप्टन दिवसभर टेबलांभोवती असतो आणि रात्री साडेअकराला उरलेल्या भाताचे काय होते, हे त्याने कधी पाहिलेलेही नसते.

माणसे मोजतानाही गफलत होते. केवळ आचारी मोजून “आमच्याकडे आठच जण आहेत” असे सांगितले जाते. प्रत्यक्षात भाजी चिरणाऱ्या मावशी, भांडी घासणारा मुलगा आणि ताट वाढणारा वेटर यांचेही हात अन्नाला किंवा अन्नाच्या भांड्यांना लागतात, तेव्हा त्यांनाही हिशेबात धरावे. परवान्याऐवजी केवळ नोंदणीवर चालणाऱ्या वडापावच्या गाडीला २५ माणसांमागील पर्यवेक्षकाची अट लागू नसली, तरी २०११ च्या परवाना व नोंदणी नियमावलीतील अनुसूची ४ मधील स्वच्छतेचे नियम तिलाही चुकत नाहीत.

प्रमाणपत्रावरच्या नावाची अडचण किरकोळ वाटते, पण ती ऐन वेळी छळते. भटारखान्यात सगळे ज्याला राजू म्हणतात त्याचे आधारवरील नाव निराळेच असते, आणि अर्ज भरणारा माणूस घाईत राजूच लिहून टाकतो. तेव्हा नाव ओळखपत्रावरूनच भरावे आणि प्रशिक्षणही मान्यताप्राप्त संस्थेकडूनच घ्यावे. “हजेरीची गरज नाही, प्रमाणपत्र घरपोच” असे कोणी सांगत असेल, तर तो केवळ कागद विकतो आहे, हे समजून घ्यावे. भाषेकडेही लक्ष द्यावे. ज्या आचाऱ्याला हिंदी किंवा नेपाळीच नीट समजते, त्याला इंग्रजी स्लाइड दाखवून काहीही हाती लागत नाही. तो मान डोलावतो आणि चहाची वाट पाहतो.

वैद्यकीय दाखल्याचे असेच आहे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी आणि आतड्यांच्या संसर्गजन्य रोगांविरुद्ध, म्हणजे प्रामुख्याने टायफॉइडविरुद्ध, लसीकरण अपेक्षित आहे. परंतु हा दाखला त्या एका दिवसापुरता बोलतो. जून महिन्यात पोट बिघडलेला माणूस कामावर का येतो, याचे उत्तर बहुधा पगाराच्या वहीत सापडते: खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी कापली जाते, म्हणून तो आजार लपवतो आणि कणीक मळायला उभा राहतो. जुलाब, उलट्या, कावीळ, ताप किंवा हातावर पिकलेली जखम असल्यास ते सांगणाऱ्याचा पगार कापू नये, त्याला अन्नापासून दूर ठेवावे आणि जुलाब-उलट्या थांबल्यावरही आणखी दोन दिवस थांबवावे. बोटावरच्या पिकलेल्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस जिवाणू अन्नात उतरला आणि ते अन्न उबेत राहिले, तर त्याने तयार केलेले विष नंतर उकळूनही नष्ट होत नाही, ही गोष्ट प्रत्येक कारागिराला एकदा तरी नीट समजावून सांगावी.

आता भटारखान्यातल्या त्या भाताकडे वळू. दुपारचा उरलेला भात पातेल्यातच ओट्यावर राहतो आणि संध्याकाळी त्याचा फ्राइड राइस होतो. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की जागे होऊन वाढतात. त्यातून उलट्या घडवणारे जे विष तयार होते ते कढईच्या आचेलाही दाद देत नाही. “पुन्हा गरम केले म्हणजे झाले” हा समज म्हणूनच घातक आहे. गरम वाढायचे अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजे. ग्रेव्हीचे मोठे पातेले झाकण लावून तसेच फ्रिजमध्ये ढकलले, तर कडा गार होतात आणि मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो. तीच ग्रेव्ही पसरट ट्रेमध्ये दोन बोटे जाडीने पसरून मग आत ठेवली तर लवकर निवते. हे शिकवायला मी व्याख्यान देत नाही, सकाळी त्यांच्याच पातेल्याच्या मधोमध तापमापक खुपसतो आणि आकडा त्यांनाच वाचायला लावतो.

तापमापक मात्र खरा हवा. पेलाभर बर्फाचा चुरा, थोडे पाणी, त्यात टोक बुडवून ढवळल्यावर काटा शून्याजवळ आला नाही तर तो दुरुस्त करावा किंवा बदलावा. फ्रिजच्या तापमानाची वही तपासताना महिनाभर एकाच शाईने, एकाच वळणाने “४, ४, ४” लिहिलेले दिसले, तर ती एका बैठकीत भरली आहे हे नवख्यालाही कळते. अशा वहीपेक्षा “आज ९ अंश, दरवाजाचे रबर फाटले आहे, मेकॅनिकला फोन केला” अशी एक नोंद अधिक मोलाची असते, कारण ती त्या क्षणी कोणीतरी आकडा खरोखर पाहिला होता हे दाखवते.

तळणीच्या तेलाबाबत उपाय सोपा आहे, पण तो खर्चाचा वाटतो. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात जी ध्रुवीय संयुगे तयार होतात, त्यांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले की ते तेल वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. काळ्या पडलेल्या तेलात रोज सकाळी नवे तेल ओतत राहिल्याने जुने तेल सुधारत नाही, उलट नवेही लवकर बिघडते. कढई रिकामी करून, घासून, कोरडी करूनच नवे तेल भरावे, आणि काढलेले तेल मोरीत न ओतता किंवा कोपऱ्यावरच्या भजीवाल्याला न विकता, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या अधिकृत संकलकाला देऊन त्याची पावती परवान्याच्या फाइलमध्येच लावून ठेवावी.