बाळंतपणाच्या रजेत कामावरून काढलं, तर पहिल्या ६० दिवसांत काय करायचं

सोलापुरात टॉवेलच्या किंवा गारमेंटच्या कारखान्यात रजेवरच्या बाईला कामावरून काढल्याचं पत्र सहसा कोणी देत नाही. मुकादमाचा फोन येतो, "आता येऊ नका, दुसरी बाई ठेवलीय." नाहीतर हिशेब घ्यायला बोलावून कोऱ्या कागदावर सही मागतात. त्या कागदावर मागाहून राजीनामा लिहिला जातो. म्हणून कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या कागदावर सही करू नका. शहराच्या पूर्व भागात अनेक बायकांची घरची भाषा तेलुगू आहे. त्यांनी मराठी मजकूर आपल्या माणसाकडून तेलुगूत समजून घ्यावा, मगच सही करावी. राजीनामा एकदा कागदावर आला की "मला काढलं" हे सिद्ध करणं फार जड जातं.

कायदा तुमच्या बाजूने स्पष्ट आहे. प्रसूती रजेत, किंवा त्या रजेमुळे, कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. रजेच्या काळात मुदत संपेल अशी नोटीस देणं आणि तुमचं नुकसान होईल अशा अटी बदलणंही बेकायदेशीर आहे. हे संरक्षण १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या कलम १२ मध्ये होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ते कलम ६८ मध्ये आहे. अट एवढीच, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. पगारी सुट्ट्याही त्यात धरतात. रजा २६ आठवड्यांची, दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तर १२ आठवड्यांची. रोजंदारीवर आहात म्हणून हक्क जात नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदार महिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हेच सांगितलं. ठरावीक मुदतीचा करार रजेत संपला, तरी उरलेला लाभ द्यावाच लागतो, हा २०२३ चा निकाल आहे.

"येऊ नका" हे तोंडी ऐकलंत की त्याच दिवशी त्याचा कागद करा. मालकाच्या नावे साधं पत्र पुरतं:

"मी २ जूनपासून प्रसूती रजेवर आहे. आज मुकादमांनी फोनवर कामावर येऊ नका असं सांगितलं. मी राजीनामा दिलेला नाही. रजा ३० नोव्हेंबरला संपते, १ डिसेंबरला मी कामावर हजर होईन. मला काढलं असेल तर तसा लेखी आदेश द्यावा."

खाली तारीख आणि सही. दोन प्रती काढा, एकीवर कारखान्याचा शिक्का आणि पोच घ्या. पोच दिली नाही तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. सोबत हजेरी कार्ड, पगाराच्या स्लिपा किंवा बँक पासबुक, डॉक्टरांचा दाखला आणि मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज एका पिशवीत ठेवा. पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण काय टाकलंय तेही बघा. तिथे राजीनामा दाखवला असेल तर त्या पानाची प्रिंट काढून घ्या.

आता पैशांचं. रजेच्या आधीच्या तीन महिन्यांची कमाई भागिले कामाचे दिवस, म्हणजे सरासरी रोज. पीस रेटवर तीन महिन्यांत ३३,७५० रुपये कमावले आणि ७५ दिवस काम केलं, तर रोज ४५० पडतो. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, म्हणून लाभ ८१,९०० रुपये. ईएसआयचं कार्ड असेल तर हे पैसे मालक नाही, कामगार विमा महामंडळ देतं, पण त्याने तुमची नोकरी राखण्याची मालकाची जबाबदारी संपत नाही. "पैसे तर विम्याचे मिळाले, आता कसली तक्रार" हे ऐकून गप्प बसू नका.

काढल्याचं कळल्यापासून ६० दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करायचं असतं. चौकशीला सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जा, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. "बाळ जरा मोठं होऊ दे" म्हणत बायका थांबतात आणि मुदत निघून जाते, अनेक प्रकरणं इथेच बुडतात. घरचं माणूस अर्ज घेऊन गेलं तरी चालतं, सही तुमची हवी. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

रजा संपते त्याच्या दुसऱ्या दिवशी, पाळीच्या वेळेला, गेटवर उभ्या राहाच. गेला नाहीत तर "बाई स्वतःच आली नाही" असं सांगायला मालक मोकळा. सोबत कोणीतरी न्या, आणि आत घेतलं नाही तर गेटवरूनच मुकादमाला मेसेज टाका: "मी हजर आहे, मला आत घेतलं नाही." त्या मेसेजवर वेळ आपोआप पडते.