निळं झालं म्हणजे नॅनोझाइम चाललं असं नाही, या चुका टाळा

मॅग्नेटाइटचे (चुंबकीय लोह ऑक्साइडचे) नॅनोकण पेरॉक्सिडेझ एन्झाइमसारखे वागतात, म्हणजे पेरॉक्साइड वापरून दुसऱ्या पदार्थाचं ऑक्सिडेशन करतात (एन्झाइमसारखं काम करणारे असे कण म्हणजे नॅनोझाइम), हे 2007 मध्ये बीजिंगच्या यान शियुन यांच्या ग्रुपने दाखवलं, आणि आता कुठलाही नवा कण बनवला की पहिली टेस्ट ठरलेली: टीएमबी (ऑक्सिडेशन झालं की निळा होणारा पदार्थ) टाका, हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, निळं झालं की झालं. मीसुद्धा सुरुवातीला असेच दोन महिने घालवले, म्हणून कळकळीने लिहितोय.

कंट्रोल (एखादा घटक वगळून केलेली तुलनेची टेस्ट) लावल्याशिवाय त्या निळ्या रंगाला काही अर्थ नाही. कण न घालता टीएमबी आणि पेरॉक्साइड, हा तर सगळेच लावतात, पण पेरॉक्साइड न घालता नुसते कण आणि टीएमबी, हा हमखास राहतो, आणि तुमचे कण सेरियाचे (सेरियम ऑक्साइडचे) असतील तर इथेच फसाल, कारण सेरिया आम्लात पेरॉक्साइड नसतानाही टीएमबी निळं करतं, म्हणजे ते काम ऑक्सिडेझचं (पेरॉक्साइडऐवजी ऑक्सिजन वापरणारं) आणि तुम्ही लिहिणार पेरॉक्सिडेझ.

दुसरी गोष्ट माझ्या मते याहून गंभीर. आम्लात कणातून थोडं लोह सुटतं आणि ते सुटं लोहच पेरॉक्साइडबरोबर फेंटन रिअॅक्शन (पेरॉक्साइडपासून तीव्र रॅडिकल बनवणारी क्रिया) करून रंग देऊ शकतं, मग कणाचं श्रेय कशाला? कण त्याच बफरमध्ये तेवढाच वेळ ठेवा, चुंबकाने काढा, बारीक कण चुंबकाला दाद देत नाहीत म्हणून वरचं पाणी जोरात सेंट्रिफ्यूज करा आणि त्या पाण्यावर टेस्ट लावा. तेही तितकंच निळं झालं तर कणांवर दावा करूच नका.

रंगच येत नसेल तर आधी पीएच बघा. पीएच 7.4 च्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफरमध्ये) मॅग्नेटाइट जवळजवळ गप्प बसतं, अॅसिटेट बफर घ्या, पीएच 3.5 ते 4. मग पेरॉक्साइड: 2007 च्या त्या पेपरमध्ये पेरॉक्साइडसाठी मॅग्नेटाइटचा केएम (कमाल वेगाच्या निम्मा वेग मिळायला लागणारं प्रमाण) 154 मिलिमोलर आहे आणि हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेझ या नैसर्गिक एन्झाइमचा 3.7, त्यामुळे एन्झाइमच्या किटमधलं प्रमाण जसंच्या तसं वापरलं तर रंग फिका येणारच. बाटली जुनी असेल तर पेरॉक्साइडचं खरं प्रमाण 240 नॅनोमीटरला शोषण मोजून काढा, लेबलवरच्या 30 टक्क्यांवर विसंबू नका.

ग्लुकोज मोजताना सगळं एकाच ट्यूबमध्ये नको, ग्लुकोज ऑक्सिडेझला (ग्लुकोजपासून पेरॉक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला) पीएच 7 च्या आसपास आधी काम करू द्या, कण आणि आम्ल बफर नंतर.

आणि सल्फ्युरिक अॅसिडने रिअॅक्शन थांबवली की रंग पिवळा होतो, तेव्हा रीडिंग 450 नॅनोमीटरला घ्यायचं, 652 ला नाही.